वेळ अमावस्या आणि लेकरांची खेळणी



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असे बैठकीत ठरले, तेव्हा वेळ अमावस्येच्या भज्जीची कृती लिहून देण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी एक लहानशी गोष्ट घडली व कृती बाजूला राहिली. माझा चार वर्षांचा नातू आला होता. "आता सण येणार बरं का," असे मी त्याला म्हटले. त्याने लगेच विचारले, "आजी, सणाला काय विकत आणायचं?"

मी त्याला बिस्किटाचा पुडा देऊन गप्प केले, पण प्रश्न माझ्या मनातून जाईना. सण म्हणजे दुकानातून काहीतरी आणणे, असे त्या लेकराला कुणी शिकवले? आपणच शिकवले. म्हणून ज्या सणाला बाजारातून फारसे काही आणावे लागत नाही आणि जो लेकराला हाताशी धरल्याशिवाय साजराच होत नाही, अशा आपल्या वेळ अमावस्येचा थोडा इतिहास लिहावा असे ठरवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. लिहिण्यात चूकभूल असेल तर पदरात घ्यावी.

मार्गशीर्ष महिन्याची अमावस्या ती वेळ अमावस्या. बोलताना आपण तिला येळवस म्हणतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हा सण सांगावा लागतो. कारण तो मुख्यतः धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांत व लगतच्या सोलापूर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात होतो. लातूर हा १९८२ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, तेव्हा या सणाच्या बाबतीत दोन्ही घरे एकाच चुलीवरची. त्याच्याही आधी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सारे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्या संस्थानात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक एकत्र नांदत होते. सरकारी सीमा पुढे बदलल्या, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. पण सण कुठल्याही सीमेला विचारून थांबला नाही. कानडी मुलखात हीच अमावस्या एळ्ळ अमावस्या म्हणून ओळखतात. एळ्ळ म्हणजे तीळ. तिकडचे शेतकरीही त्या दिवशी लेकराबाळांसह शेतात जातात व पिकांत नैवेद्य शिंपडतात. आपली म्हातारी माणसे आंबील शिंपडताना जे बोल म्हणतात, त्यांतील निम्मे शब्द आपल्याला कळत नाहीत. ते कानडी वळणाचे आहेत. शेजाऱ्याचे शब्द आपल्या देवाच्या तोंडी बसले, याचे आपल्या लोकांना कधी काही वाटले नाही.

आता हा सण लेकराचा कसा, ते सांगते. त्या सुमारास रानात ज्वारी कणसात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरतात, गहू हिरवागार असतो, करडई काटेरी होऊ लागते. घरात आदल्या दिवसापासून धांदल. ज्वारीचे पीठ ताकात शिजवून आंबील होते. तूर, वाल, हरभरा, वाटाणा असे ओले दाणे, बोरे, चिंच, हिरव्या भाज्या आणि बेसन यांची भज्जी होते. बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, धपाटी. सकाळी आंबिलीचे बिंदगे घोंगडीच्या चुंबळीवर ठेवून घरचा कर्ता पुढे निघतो, मागे टोपली घेऊन बायका, आणि सर्वांच्या मध्ये पोरे. लहानात लहान पोराच्या हातातही काहीतरी दिलेले असते. कुणाकडे पळसाच्या पानांचा जुडगा, कुणाकडे तांब्या, कुणाकडे नुसती चुन्याची वाटी. रिकाम्या हाताने कुणी जायचे नाही, हा नियम.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली असते. तिच्यात पाच खडे चुन्याने रंगवून पाच पांडव म्हणून मांडतात. खडे शोधून आणणे व रंगविणे हे काम पोरांचे. त्यामुळे कुणाचा भीम गोल असतो तर कुणाचा अर्जुन वाकडा. पूजा झाली की पळसाच्या पानाने आंबील पिकात शिंपडत शेताला फेरा घालायचा. या फेऱ्यात लेकरू पुढे असते. आपले शेत कुठून कुठपर्यंत, बांधावरचे बाभळीचे झाड कुणाचे, विहीर कुणी खोदली, ही सगळी माहिती त्याला या फेऱ्यात मिळते. कागदावरचा शेताचा नकाशा ते पुढे कधीतरी पाहील. हा नकाशा ते पायांनी शिकते. मग झाडाखाली पंगत, झाडाला झोका, आणि सायंकाळी गवताचा हेंडगा पेटवून पुन्हा शेताभोवती फेरी. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहाने बोलावतात. आपल्या भागात या दिवशी सुट्टी असते, आणि दुपारी गावातून हिंडले तर कुत्रीसुद्धा रानात गेली की काय असे वाटते.

पंगत झाल्यावर थोरांना डुलकी लागते आणि पोरांचा खरा सण सुरू होतो. ज्वारीच्या धांड्याची साल काढून, आतल्या पांढऱ्या गाभ्यात ती टोचून गाडी करायची, तिला चाके, जू आणि बैलही त्याचेच. पिंपळाच्या पानाची पिपाणी. बांधावरच्या चिकण मातीची चूल, पोळपाट, बैल. आजी नातीला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली करून देते. यांत पैशाची वस्तू एकही नाही. परंतु प्रत्येक वस्तूला कुणाच्या तरी मांडीवर बसून घालविलेली घटका लागलेली आहे. लेकरू घरी नेते ती खरी तर ती घटका असते.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात आजची नाही. तेरला गेलात तर त्याची साक्ष डोळ्यांनी पाहता येते. आपल्यापैकी पुष्कळ जणी गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला जातात, पण तेथील कै. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात फार थोड्या जातात. तेर म्हणजे पूर्वीचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात लिहिले आहे की पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, व तेथून कापड गाड्यांत भरून दूर भडोचच्या बंदराला जाते. ते तगर म्हणजे तेरणाकाठचे हेच आपले तेर. तेथील पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती वर येत. तेरचेच रहिवासी असलेल्या लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू हौसेने गोळा करून जपल्या आणि त्यांच्या संग्रहातून हे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. १९५८ साली श्री. चापेकर यांनी तेरला उत्खनन केले, त्याचाही वृत्तान्त पुढे छापून निघाला.

त्या संग्रहातील हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती जगात प्रसिद्ध आहे. ती वीतभरही उंच नाही. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली. एवढ्या लांबच्या दोन गावी एकाच घडणीच्या मूर्ती निघाव्यात, यावरून त्या काळच्या व्यापाराचा अंदाज येतो. परंतु खरे सांगायचे तर माझे मन रमले ते मातीच्या लहान आकृत्यांत. माणसांच्या आहेत, जनावरांच्या आहेत, काही लाल मातीच्या तर काही पांढऱ्या मातीच्या. होळीच्या साखरगाठींसाठी आपण जसे दोन फळ्यांचे साचे जुळवतो, तसे दोन साचे जुळवून आतून पोकळ अशा या आकृत्या केलेल्या आहेत. काही पूजेतल्या असतील, काही शोभेच्या. पण तळहातावर मावेल असे मातीचे जनावर पाहिले की कुठल्याही आईला कळते, हे कुणाच्या मुठीत असायचे. कापडाच्या गाड्या भडोचला गेल्या, व्यापारी गेले, राजे गेले. आणि दोन हजार वर्षांनी मातीतून वर आले ते हे.

याच तेरला पुढे गोरोबाकाका झाले. ते ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळचे संत. हातावरचे काम कुंभाराचे. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांच्या समाधीची यात्रा भरते. त्यांची कथा आपणा सर्वांना पाठ आहे. बायको पाण्याला गेली, लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. गोरोबा नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडवीत होते, रांगते लेकरू जवळ आले आणि त्या चिखलात सापडले. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळाले असे कथा सांगते. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून सांगतात आणि ती तशीच आहे. परंतु आईच्या कानाने ऐकली तर तीत आणखी एक गोष्ट ऐकू येते. लेकरू चिखलाकडे का आले? बाप तेथे काम करीत होता म्हणून. लेकराला आपल्या कामात यायचे असते. त्याला दूर बसवले तरी ते रांगत येतेच. तेव्हा काम करताना त्याला शेजारी घ्यावे, त्याच्या हातात त्याच्या मुठीएवढा गोळा द्यावा, आणि नजर त्याच्यावर ठेवावी, हे शहाणपण मला तेरच्या मातीने शिकवले.

कुणी म्हणेल, हे सगळे पोट भरलेल्याचे. तसे नाही. आमच्या सासूबाई १९७२ सालच्या दुष्काळाची गोष्ट सांगत. रानात पीक नव्हते, सगळे जण खडी फोडायला जात, खायला परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटतात ती सुकडी. तरी येळवसेला सासऱ्यांनी त्या मिलोच्या पिठाची पातळ आंबील करायला लावली आणि पोरांना घेऊन भेगाळलेल्या रानाला फेरा घातला. शिंपडायला पीक नव्हते, मातीवरच शिंपडली. सासूबाई म्हणत, "पोरांनी शेत इसरू न्हाई, म्हणून."

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची. माझे माहेर सास्तूरच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणी विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसे दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे गेली. आमच्याकडची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार म्हणून ज्याचे कौतुक, तेच अंगावर आले. आमची आजी त्यात गेली. पोळ्याला घरातल्या सगळ्या पोरांना मातीचे बैल करून देणारी ती होती.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा. तो वाचला, पण त्यानंतर तो मातीला हात लावेना, आणि छपराखाली जाईना. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो तरी रात्री उठून बाहेर येऊन बसे. थंडीचे दिवस आले. १९९४ च्या जानेवारीत येळवस आली. त्या वर्षी सण करावा असे कुणाच्याच मनात नव्हते. आजोबा मात्र सकाळी उठले, कुठूनतरी कडबा आणला आणि रानात कोप उभी केली. भावाला म्हणाले, "आत ये. ह्ये पडलं तरी लागत न्हाई बघ." आणि त्यांनी स्वतः आत बसून एक पेंढी आपल्या अंगावर पाडून दाखविली. भाऊ हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला.

पांडवांसाठी खडे आणायचे होते. आजोबांनी ते आमच्या पडलेल्या घराच्या दगडांतूनच वेचून आणायला सांगितले. आईला ते आवडले नाही. पण आम्ही आणले, चुना लावला, कोपीत मांडले. आजोबांना मातीचे बैल करता येत नसत, ते आजीचे काम. त्यांनी धांड्याची गाडी केली. चाके नीट गोल झाली नाहीत, गाडी ठेचकाळत चाले. भाऊ ती ओढत दुपारभर हिंडला आणि दमून कोपीत शिरून झोपला. छपराखाली झोपला. आई बाहेर बसून त्याच्याकडे नुसती पाहत होती. त्या वर्षी घराला हातभार लावायचा म्हणून सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुष्कळ गोष्टी सुटल्या. परंतु तो दिवस माझ्याजवळ राहिला. पुढच्या पोळ्याला भावाने स्वतः मातीचे बैल केले. एका बैलाला तीनच पाय होते. आजोबांनी तोच देव्हाऱ्यात ठेवला.

यावरून माझी समजूत अशी झाली आहे की, लेकराबरोबर हाताने केलेला सण ही हौस नव्हे. संकटात घर जसे आधार लागते, तसा तो लेकराच्या मनाचा आधार आहे. मोठमोठ्या विदुषींनीही हेच ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. परदेशातून आलेली शिक्षणाची साधने महाग असत. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (हल्लीच्या पालघर जिल्ह्यात) बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी केंद्र काढले, पुढे ते कोसबाडला गेले, आणि तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर भरवावी, हा त्यांचा मार्ग. पुढे १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली व अंगणवाडी हा शब्द घरोघर पोहोचला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. आपल्या आज्यांना काही मिळाले नाही, पण मातीचा गोळा आणि धांड्याची गाडी त्यांच्याही शाळेत होती.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या लिहिण्याचे कारणही तेच. येळवस येते ती ऊसतोडीच्या ऐन हंगामात. आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः कळंब, वाशी, भूम, परंडा या बाजूने कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची काही लेकरे बरोबर जातात, पहाटेच्या थंडीत उसाच्या फडाच्या कडेला पाचटावर झोपतात. काही मागे आजी-आजोबांजवळ राहतात. फडावरच्या लेकराचीही कोप असते, पण ती सणाची नसते. जे मागे राहते, त्याला शेतात कुणी नेत नाही, कारण म्हाताऱ्यांचे पाय चालत नाहीत. त्याच्यासाठी येळवस म्हणजे शाळा बंद आणि गाव रिकामे, एवढेच.

आपल्या मंडळातील किती तरी जणींची शेते गावाजवळ आहेत. माझी विनंती एवढीच की, येत्या वेळ अमावस्येला प्रत्येकीने आपल्या लेकरांबरोबर अशी दोन लेकरे न्यावीत. दया म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून न्यावीत, जसे ज्यांना शेत नाही त्यांना नेण्याची आपली रीतच आहे. त्यांच्या हातात काहीतरी द्यावे. खडे त्यांना वेचू द्यावेत. फेऱ्यात त्यांना पुढे ठेवावे. संक्रांतीच्या सुमारास आपण लहानग्यांचे बोरन्हाण करतो, हलव्याचे दागिने घरी करतो, तेव्हा एक दागिना जास्तीचा करावा. आणि चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला जाल तेव्हा पोरांना वस्तुसंग्रहालयातही न्यावे. ती मातीची जनावरे दाखवून सांगावे की, दोन हजार वर्षांपूर्वी तुझ्याएवढ्या पोराच्या हातात असेच काही होते, आणि ते याच गावच्या मातीचे होते.

नातवाला मी अजून उत्तर दिलेले नाही. येळवसेला त्याला रानात नेणार आहे. धांड्याची गाडी करण्याचा सराव सुरू केला आहे. पहिल्या दोन गाड्या मोडल्या, बोटात साल गेली. तिसरी चालते, पण ठेचकाळते. ठेचकाळली तरी हरकत नाही, असे मला वाटते.

भज्जीची कृती पुढच्या स्मरणिकेत देईन.